लसूणघासातील तोतया कैसा धरिला, त्याची हकीकत

राज्ये उलथली, तख्ते फिरली, त्यांची दप्तरे लिहिणारे थोर थोर लेखक होऊन गेले, आणि त्यांणी लिहिले ते वाचोन लोक शहाणे जाहले अथवा न जाहले, तो ज्याच्या त्याच्या नशिबाचा भाग. परंतु अकरा कालवडींच्या कासेवरून एका दूधशाळेत जे रण माजले, आणि त्यात एका इमानी चाकराची अब्रू कैसी पणास लागली, आणि ती कोणी कैसी राखिली, हे कोणी लिहून ठेविले नाही. सबब येथे साद्यंत लिहिले आहे. यात पदरचे काही नाही. जे घडले ते घडले तैसे. जेथे शेण होते तेथे शेणच लिहिले आहे.

तर त्या दूधशाळेत गोठे चार. पहिला दुभत्या गाईंचा, दुसरा भाकडांचा, तिसरा वासरांचा, आणि चौथा सर्वांत मागे, पत्र्याच्या छपराचा, त्यात अकरा कालवडी. म्हणजे ज्या एकदाही व्याल्या नाहीत आणि वळूचे तोंड ज्यांणी पाहिले नाही ऐशा उपवर कन्या. यांच्यासाठी उत्तम कुळीचे वीर्य नळ्यांत भरून बर्फाहून थंड टाकीत राखून ठेविले होते, आणि मालकांचा सारा पुढला मनसुबा या अकराजणींवर होता. या चौथ्या गोठ्याचे किल्लेदार मामा. मामांस सारे जग मामा म्हणे; मालक म्हणत, पशुखाद्याचा ट्रकवाला म्हणे, आणि त्यांची खासा पत्नी देखील फोनवर “मामा निघाले का?” ऐसेच पुसे, सबब तिजला सारे मामी म्हणत. मामा अंगाने किरकोळ, मिशीने भरदार, आणि गुडघ्यांनी अंमळ कच्चे. चाकरीस एकोणतीस वर्षे जाहली होती, आणि त्या एकोणतीस वर्षांत चौथ्या गोठ्याच्या फाटकाची कडी त्यांणी रोज स्वहस्ते लाविली, आणि लावून दोनदा हलवून पाहिली, आणि मग चार पावले जाऊन परत येऊन तिसऱ्याने हलवून पाहिली. कारण भिंतीपलीकडे भोळ्या नामे वळू राहात असे. त्याचे नाव भोळ्या. परंतु नावावर जाऊन किल्ला राखिता येत नाही, हे मामा जाणून होते.

मालकांस पुत्र नव्हता, एक कन्या होती, आणि कन्येमागोमाग जावईबापू आले. नवग्रहांचे काही ना काही निवारण निघते, हा दहावा ग्रह. यास मालकांनी चारा-खात्याची मुखत्यारी देऊन एका घरात बसविला. जावईबापू तीन दिवसांच्या शिबिरास गेले आणि तीन वर्षांचे बोलणे घेऊन आले, आणि त्या बोलण्याचे सार इतकेच की जगात चारा एकच, तो लसूणघास. मग मागील माळ नांगरून लसूणघास पेरिला, आणि तो गुडघाभर हिरवागार उठला, आणि दुभत्या गाईंनी तो खाऊन दूध वाढविले, आणि जावईबापूंचे वजन दरबारात त्याहून अधिक वाढले. पुढे हवा कुंद जाहली. तीन आठवडे ऊन पडले नाही, पाने ओलीच राहिली, आणि माळाच्या अर्ध्या अंगावरल्या लसूणघासास तपकिरी ठिपके उठले, जैसे कोणी झाडूने काढा शिंपडावा. मग जावईबापूंनी तजवीज केली की स्वच्छ पाला तो पहिल्या गोठ्यास, कारण त्या कमावत्या; आणि ठिपक्यांचा तो चौथ्यास, कारण पोरींस काय कळते. आणि खरोखर पोरींस काही कळले नाही. गाडीवान ट्रॉली घेऊन वळणावर आला की अकराच्या अकरा माना उंच होत, आणि मामांचा जीव त्या मानांत अडकलेला. त्यांणी ठरल्या वाट्याउपर आणखी एक पेंढी रोज आपल्या हाताने सोडून गव्हाणीत घालावी, आणि ठमी नामे तांबडी कालवड, जी त्या सर्वांत आगाऊ, तिजला थोडा पाला हातावर भरवावा. हा शिरस्ता चालला.

ऐसे असता एके दिवशी प्रातःकाळी मामा खरारा करीत ठमीच्या मागील अंगास आले आणि थबकले. कास लिंबाएवढी असावयाची ती नारळाएवढी. मामांनी सडास बोट लाविले, तो बोटावर पांढरा थेंब. न फळलेली, न व्यालेली पोर, आणि पान्हा! मामांनी दुसरीकडे पाहिले, तिसरीकडे पाहिले. कोणाची कास थोडी, कोणाची फार, परंतु सुजल्या सगळ्याच. त्यात गेले काही दिवस त्या एकमेकींवर उड्या मारीत होत्या. माज, म्हणजे वळूची ओढ, एक दिवस यावा आणि जावा, तो यांजला येऊन मुक्कामासच राहिला होता, आणि मामांनी ते तारुण्य म्हणोन सोडून दिले होते. मग त्यांणी फाटकाकडे पाहिले. कडी लागलेली. मग भिंतीवरून पलीकडे पाहिले. भोळ्या रवंथ करीत उभा होता, आणि त्याचे मुख ऐसे की यास या गावचे काही ठाऊक नाही; आणि तेच मामांस सर्वांत संशयाचे वाटले.

हे दडवावे, तर दडविता आले असते. परंतु मामा सरळ कचेरीत गेले आणि इतला केली.

कचेरीत दरबार भरला. मालक खुर्चीवर, कारकूनबाई नोंदवहीसह, जावईबापू खिडकीस टेकून, आणि वर पंखा, जो वारा थोडा आणि कुरकुर फार करी. जावईबापूंनी तत्काळ निवाडा केला की यात शोधावयाचे काय आहे. कडी उघडी राहिली, वळू आत शिरला, आणि किल्लेदार झोपले होते. यास पुरावा काय, तर दोन महिन्यांमागे दुपारच्या जेवणाउपर त्यांणी मामांस उलट्या बादलीवर बसलेले डोळे मिटलेले स्वदृष्टीने पाहिले होते. मालकांनी मामांकडे पाहिले. मामांनी सांगितले की कडी लावलेली असते. मालकांनी पुन्हा पाहिले, आणि मग हुकूम सुटले ते ऐसे: भोळ्यास आजपासून दोन साखळ्या. मामांनी आठ दिवसांत लेखी खुलासा द्यावा. अकराही कालवडी महिनाअखेर विकून टाकाव्यात, कारण उत्तम कुळीचा मनसुबा बुडाला आणि कोवळ्या अंगाच्या पोरींचे पुढे काय होईल ते सांगवत नाही. पशुवैद्यांस बोलावून कोणाचा कितवा महिना ते लिहून घ्यावे. आणि कारकूनबाईंनी हे सर्व लिहून घेतले, आणि लिहिताना एकदाही मान वर केली नाही, हे मामांस फार लागले. कारण त्या रोज त्यांस चहा घेतला का म्हणोन पुसत.

बातमीस पाय फुटावयास वेळ लागत नाही. पहिल्या गोठ्यातील धार काढणारे वाटेत भेटले की म्हणत, मामा, आजोबा झालात म्हणे. मामांनी एकोणतीस वर्षांत कोणाचे एक बोलणे खाल्ले नव्हते, ते चार दिवसांत शेराने खाल्ले. तरी तेही सोसले. परंतु घरी मामींनी ताट वाढिले, समोर बसल्या, आणि भाजीचा दुसरा वाढा घालता घालता हळूच पुसिले.

“खरं सांगा. डुलकी लागली होती का?”

“नाही,” मामा म्हणाले.

येथे खरे ते लिहिले पाहिजे. प्रश्न आणि उत्तर यांमध्ये एक श्वास गेला. कारण मामांस स्वतःसच खात्री नव्हती. दुपारी पत्रा तापतो, पोट भरलेले असते, अकराजणी एका तालात रवंथ करितात, आणि त्या तालात माणूस कोठल्या कोठे जातो. कडी लाविली, हे हातास ठाऊक. परंतु फाटक उघडून पेंढ्या आत घेताना ते पुरते लाविले की नुसते लोटले, आणि मग बादलीवर बसल्यावर किती वेळ गेला, हे कोणास ठाऊक? मामांनी मनातल्या मनात मागील तीन महिन्यांच्या दुपारी एक एक करून उलटून पाहिल्या, आणि प्रत्येक दुपारीत एक भोक सापडले. लेखी खुलाशाचा कागद त्यांणी चार वेळा पुढे घेतला आणि चारही वेळा “मी” एवढे एक अक्षर लिहून ठेवून दिला.

पाचवे दिवशी डॉक्टरीणबाईंची स्वारी आली. बाई नव्याच बदलून आलेल्या, वयाने मामांच्या धाकट्या मुलीएवढ्या, पायांत गुडघ्यापर्यंत रबरी बूट, आणि दुचाकीच्या मागे औषधांची पेटी दोरीने आवळलेली. त्यांणी खांद्यापर्यंतचा हातमोजा चढविला आणि किल्ल्याची टेहळणी चोरदरवाजाने सुरू केली. पहिली जाहली, दुसरी जाहली. जावईबापू वही घेऊन महिने लिहावयास उभे. बाई काही सांगेनात. सहावी जाहली, सातवी जाहली, ठमीने शेपटीचा एक तडाखा बाईंच्या गालावर दिला तरी बाईंचा हात थांबला नाही. मामा प्रत्येकीचे तोंड धरून उभे, आणि कालवडीचा कान हालला तरी त्यांचे काळीज हाले. अकरावी जाहली. बाईंनी हौदावर हात धुतला.

“एकही गाभण नाही.”

मामांस ऐकू आले, परंतु आत पोहोचले नाही.

“नीट बघितलंत ना, बाई?”

“अकरा वेळा बघितलं, मामा.”

तेव्हा मामा त्याच उलट्या बादलीवर सर्वांदेखत बसले. भोळ्या निर्दोष, कडी निर्दोष, आणि डुलकी लागली असो वा नसो, तिने कोणाचे नुकसान केले नव्हते.

परंतु जावईबापू हार खाणारे नव्हेत. त्यांणी वही मिटून नवा मोर्चा लाविला की गर्भ राहिला होता आणि पडला, सबब दोष तोच. बाईंनी शांतपणे सांगितले की पडलेल्या गर्भाची खूण काही मागे राहते, ती येथे एकीतही नाही. परंतु अंडाशयांची गत ठीक नाही. कोणाच्या अंडाशयावर पाण्याचा मोठा फोड, कोणाचे चपटे, जैसे संपावर गेलेले. आणि मग त्यांणी मामांस विचारिले की यांस खाऊ काय घालता. मामांस हा प्रश्न आवडीचा. ते उठले, आणि मोठ्या अभिमानाने सांगू लागले की लसूणघास, रोज, दोन्ही वेळ, आणि ठरल्या वाट्याउपर एक पेंढी आपल्या हाताने, कारण वाढत्या अंगाच्या पोरी आहेत आणि जीव लावून खातात. बाई गव्हाणीशी गेल्या, आणि एक फांदी उचलून पानाची पाठ पाहिली, पोट पाहिले, उजेडात धरिले.

“मामा, हे ठिपके कधीपासून आहेत?”

मामांनी सांगितले. मग बाईंनी गव्हाणीच्या कठड्यावर बसून जे सांगितले ते ऐसे.

“गाईच्या मेंदूच्या तळाशी हरभऱ्याएवढी एक गाठ असते. ती अंडाशयाला हुकूम सोडते. मग अंडाशय बाईपणाचं हार्मोन तयार करतं, ते रक्तातून फिरतं, कासेला सांगतं वाढ, आणि मेंदूला सांगतं, काम झालं, आता थांब. लसूणघासाला रोग पडला की ते झाड स्वतःच्या बचावासाठी एक पदार्थ बनवतं. तो दिसायला अगदी त्या हार्मोनसारखा. निरोगी पाल्यात असतो थोडासा. या ठिपक्यांच्या पाल्यात कितीतरी पट जास्त. पोरींनी तीन महिने दुसरं काही खाल्लंच नाही.”

हे शास्त्र मामांनी आपल्या परीने मनात बसविले ते येणेप्रमाणे. मस्तकात एक सदर आहे, तेथून खलिते सुटतात. अंडाशयांचे ठाणे खलिता वाचून कामास लागते आणि उलट टपाली जबाब धाडिते. जबाब आला की सदर खलिते आवरते. ऐसा कारभार पिढ्यानपिढ्या चालला असता पाल्यातून एक तोतया शिरला. रूप तेच, पोशाख तोच, मोहोर हुबेहूब. त्याने कासेस जाऊन फर्माविले की फूग, ती फुगली. सदरेत जाऊन कळविले की ठाण्याचे काम फत्ते आहे, खलिते बंद करा. सदरेने बंद केले. आणि खरे ठाणे, ज्यास कोणी पुसेना, ते कुलूप लावून स्वस्थ बसले, खऱ्या हार्मोनाचा कारखाना थंडावला, आणि कोणा ठाण्यात अर्धेच काम होऊन त्याचा फोड जाहला. गनीम वेशीवर आला नाही, भिंतीवरून आला नाही. त्यास कोणी तरी आत आणिला होता.

मामांनी आपल्या तळहातांकडे पाहिले. पाल्याचा हिरवा रंग रेषांत बसला होता.

“म्हणजे मीच घातलं यांना.”

“तुम्ही मायेनं घातलंत, मामा.”

“घातलं तर खरं.”

आणि जे ओझे कडीवरून उतरले होते ते फिरून पेंढीवरून खांद्यावर बसले. भेद इतकाच की पहिले खोटे होते.

मग कचेरीत दुसरी मसलत बसली, आणि ती पहिलीहून दुप्पट तापली. जावईबापूंनी सांगितले की लसूणघास चाऱ्यांचा राजा आहे. बाईंनी मान्य केले की राजाच आहे, परंतु हा राजा आजारी आहे आणि त्याचा आजार पोरींस भोवला. दुधाच्या गाईंस स्वच्छ पाला बेताने द्यावा, त्यास कोणाची हरकत नाही. जावईबापूंनी सांगितले की शिबिरात हे कोणी बोलले नव्हते. बाई म्हणाल्या, शिबिर तीन दिवसांचे होते. मालक मधोमध बसलेले, एकीकडे दहावा ग्रह, दुसरीकडे शास्त्र. त्यांणी आयुष्यभर केले तेच केले, म्हणजे दोघांसही हो म्हटले. हुकूम सुटला की अकरापैकी सहाजणींस लसूणघास बंद करून मक्याचा मुरघास, म्हणजे दाबून मुरविलेला चारा, आणि वाळला चारा द्यावा, पाचजणींस आहे तेच चालावे, एक महिना पाहावे, पाल्याचा नमुना प्रयोगशाळेत रवाना करावा, विक्री तहकूब, आणि मामांचा लेखी खुलासाही तहकूब, परंतु रद्द नव्हे. सीमा राखावयाचे काम मामांकडे, कारण ते करावयास दुसरे कोणी राजी नव्हते.

गोठ्याच्या मध्यावर बांबूचा आडवा अडसर बांधिला गेला. इकडे सहा, तिकडे पाच. आणि आता मोहिमेचे खरे संकट उभे राहिले, जे कोणाच्या मसलतीत आले नव्हते: ज्यांच्यासाठी लढावयाचे त्याच उलटल्या. सहाजणींनी मुरघास हुंगिला, आणि पलीकडून लसूणघासाचा वास येत असता यास तोंड लावणे हा अपमान समजून पाठ फिरविली. ठमीने तर मामांस अंगाला हात लावू देणे बंद केले. मामा खरारा घेऊन गेले की ती वळे आणि त्यांस केवळ शेपूट दाखवी. एकोणतीस वर्षांत अनेकींनी मामांस लाथ मारिली होती, त्याचे दुःख नव्हते. परंतु हे पाठ फिरविणे जिव्हारी लागले. त्यांणी मामींस सांगितले की आज ठमीने बघितलं पण नाही माझ्याकडे, आणि मामींनी, ज्यांस ठमी कोण हे नीट ठाऊकही नव्हते, आणखी एक पोळी वाढली.

त्यात फितुरीची भीती. जावईबापूंनी गाडीवानास गुपचूप हुकूम दिला होता की सहाजणींस अगदीच तोडू नये, चवीपुरता मूठभर पाला तिकडेही टाकीत जावा. गाडीवान दयाळू, त्याची मूठ म्हणजे अर्धी पेंढी. चौथे दिवशी त्याने ट्रॉलीवरून ती अर्धी पेंढी सहाजणींच्या अंगास भिरकाविली, आणि मामांनी ती पाहिली, आणि ठमीनेही पाहिली.

मग जे जाहले त्यास लढाई म्हणावे. ठमी उसळली. तिच्यामागे तिच्याच अंगच्या बाकी पाचजणी. पेंढी मध्ये पडलेली, एका अंगास अडीचशे किलोची तांबडी फौज, दुसऱ्या अंगास पंचावन्न किलोचे मामा, आणि दोन्ही सैन्ये एकाच वेळी निघाली. मामांनी हात पसरून वाट अडविली, ती अडली नाही. मामांनी हाळी दिली, ती कोणी ऐकिली नाही. तेव्हा त्यांणी अंग टाकिले, आणि पेंढीवर पालथे पडले, आणि तिजला पोटाखाली घेऊन दोन्ही हातांनी आवळिली. जागा ओली होती. वर सांगितलेच आहे की शेण तेथे शेण. ठमीने प्रथम त्यांचे बखोट हुंगिले, मग पाठीवरून नाक फिरविले, मग मानेखाली तोंड खुपसून एक एक काडी ओढू पाहिली. मामा हलले नाहीत. तिने त्यांच्या सदऱ्याची कॉलर चघळून पाहिली. मामा तरी हलले नाहीत. गाडीवान ट्रॉलीवरून उडी टाकून आला, आणि दोरी घेऊन फौज मागे रेटिली, आणि मग मामांस उठविले. शेणाने माखलेल्या त्या माणसाच्या पोटाशी ती अर्धी पेंढी जैशीच्या तैशी होती.

“एवढं काय आहे हो मामा त्या पेंढीत?” गाडीवानाने विचारिले.

मामांनी धाप आवरीत त्यास तोतयाची सगळी हकीकत सांगितली. गाडीवानाने ऐकून घेतली, डोके खाजविले, आणि सांगितले की त्याच्या वहिनीसही डॉक्टरांनी हार्मोनचेच काही सांगितले होते, तेव्हा कोणास समजले नव्हते, आता समजले. त्या दिवसापासून तो मामांच्या पक्षास मिळाला, आणि जावईबापूंनी विचारिले की मूठभर टाकितोस ना, तर टाकतो म्हणे, आणि ती मूठ आपल्या घरच्या शेळीस नेत असे. शेळीवर पुढे काय परिणाम जाहला, त्याची नोंद सापडत नाही.

उपाशी पोट मान खाली घालते. सहाव्या दिवशी ठमीने कोणी पाहात नाही ऐसे पाहून मुरघासास तोंड लाविले. अठराव्या दिवशी मामांनी सडास बोट लाविले, ते कोरडे आले. त्यांणी दुसरे लाविले, तेही कोरडे. महिना भरला तेव्हा सहाजणींच्या कासा ओसरून लिंबावर आल्या, आणि अडसरापलीकडल्या पाचजणींच्या होत्या तैशाच. पुढे दोन आठवड्यांत ठमीस माज आला, आणि तो नीट आला, एक दिवस राहिला, आणि गेला. म्हणजे सदर जागी जाहली, खलिता सुटला, आणि ठाण्याने कुलूप काढिले. मालक स्वतः चौथ्या गोठ्यात आले, पायजमा वर धरून, आणि अकराही कासांस हात लावून पाहिला. मग हुकूम सुटला की ठिपक्यांचे पीक कापून टाकावे, स्वच्छ फुटवा येईल तोच घ्यावा, आणि ज्या जनावरांनी फळावयाचे आहे त्यांजला तूर्त तोही मना. खुलासा रद्द. भोळ्याची एक साखळी कमी. प्रयोगशाळेचा अहवाल यानंतर एकोणीस दिवसांनी आला, आणि जे ठमीच्या सडाने एका थेंबात सांगितले होते ते त्याने चार पानांत सांगितले.

त्या सायंकाळी मामा घरी आले, हातपाय धुतले, आणि मामींच्या समोर पाटावर बसले.

“डुलकी लागते मला. दुपारची. कधीकधी.”

“ताटावर लागते तुम्हाला. मला काय नवीन सांगता?”

“मग त्या दिवशी विचारलंस कशाला?”

“तुम्ही नाही म्हणालात ना,” मामी म्हणाल्या, “तेव्हा काळजी वाटायला लागली.”

मामा पुष्कळ वेळ हसले, आणि हसता हसता त्यांस ठसका लागला.

पुढे पाचजणींचाही पाला बंद जाहला, आणि त्यांच्याही कासा ओसरल्या. अकराही जणींस राखून ठेविलेले वीर्य क्रमाने देण्यात आले. आठजणी पहिल्या खेपेस गाभण राहिल्या, ठमी आणि आणखी एक दुसऱ्या खेपेस. अकरावी, जी कपाळावर पांढरा टिळा असलेली आणि स्वभावाने भित्री, सबब कावरी म्हणत, ती त्या पाचजणींतली. ती पहिल्या खेपेस उलटली, म्हणजे न राहता फिरून माजास आली, दुसऱ्या खेपेस उलटली, तिसऱ्या खेपेसही उलटली. बाईंनी औषधे दिली, फोड काही बसेना. शेवटी कावरी विकली गेली. गाडीत चढताना ती अडली, तेव्हा मामांनीच तिच्या गळ्यास हात घालून, कानात काही बोलून, वर चढविली, आणि फळी लागली तरी ते तेथेच उभे राहिले. मोठ्या मोहिमेत एखादा मोहरा खर्ची पडतो ऐसे लिहिण्याची रीत आहे. मामांस ती रीत ठाऊक नव्हती.

मग दप्तरी नोंद करावयाचा दिवस आला. कचेरीत सर्व जमले. जावईबापूंनी दूधसंघाच्या मासिकासाठी लेख तयार केला होता, तो वाचोन दाखविला; त्यात लसूणघासातील या दोषाचा शोध त्यांणी स्वतः सूक्ष्म निरीक्षणाने लाविला होता, आणि डॉक्टरीणबाईंनी त्यांस मोलाचे सहकार्य केले होते. बाई बोलावयास उठल्या. मामांनी हातानेच खाली बसा ऐसे खुणाविले. मग कारकूनबाईंनी नोंदवहीत लिहिलेले वाचिले: कारण, रोगट लसूणघास. उपाय, चारा बदल. फळ, अकरापैकी दहा गाभण. दोष, कोणाचा नाही.

“तेवढं शेवटचं खोडा,” मामा म्हणाले.

मालकांनी समजाविले की झाले गेले, मामा, आता कशास. कोणी तुम्हांस काही म्हणत नाही.

“कडी उघडी राहिली असं लिहिलं असतंत, तर मी भांडलो असतो. ती लावलेली होती. पण वाट्याच्या वर रोज एक पेंढी मी दिली, कोणाला न विचारता. कावरीला पण दिली. ते लिहा.”

पंखा कुरकुरला. कारकूनबाईंनी मालकांकडे पाहिले, मालकांनी मान हलविली, आणि कारकूनबाईंनी ती ओळ खोडून मामांनी सांगितले ते शब्दशः लिहिले, आणि लिहून जाहल्यावर या खेपेस मान वर करून मामांकडे पाहिले. मामांनी आपल्या संथ अक्षरात खाली सही केली. मग वही जावईबापूंपुढे आली, कारण चारा-खात्याच्या नोंदीवर त्यांची सही लागत असे. जावईबापूंनी लेखणी उचलिली, आणि ती बराच वेळ कागदाच्या वर तैशीच धरिली. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल जाहल्या होत्या. शेवटी त्यांणी “पाहिले” इतका एक शब्द लिहून सही ठोकिली. काय पाहिले, नोंद की ठिपके, हे कोणी पुसिले नाही. मात्र मासिकात तो लेख छापून आला नाही, हे सर्वांस ठाऊक आहे.

येणेप्रमाणे चौथ्या गोठ्याची मोहीम तडीस गेली. तोतया धरिला, खरे हार्मोन गादीवर आले, दहा कालवडी गाभण, एक गेली, भोळ्या एका साखळीवर, जावईबापू आपल्या पदावर, आणि मामा दुपारचे चार वाजले म्हणोन मुरघास घालावयास गोठ्याकडे निघाले. फत्ते ती यासच म्हणावे. याहून मोठी कोठे जाहली असल्यास, तिचे दप्तर ज्याचे त्याने लिहावे.